गाळपाचा आराखडा आणि तापाचा आराखडा
(सभासद शिक्षण : कीटकजन्य रोगांच्या नियंत्रणाचे नियोजन व देखरेख)



हंगाम सुरू होण्याआधी आपला शेतकी विभाग काय करतो हे आपणास सांगायला नको. कोणत्या गावात, कोणत्या गटात किती लागण, किती खोडवा, जात कोणती, लागणीची तारीख कोणती, या सगळ्याची नोंद होते. नोंदीवरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो आणि कार्यक्रमावरून टोळ्या व वाहने ठरतात. गाळप सुरू झाले की रोजचा अहवाल निघतो. उतारा थोडा घसरला तरी लगेच विचारणा होते, "का घसरला? शिळा ऊस आला का? कोवळा तोडला का?" नोंद नसेल तर कार्यक्रम नाही, आणि रोजचा अहवाल नसेल तर कारखाना कसा चालला आहे हे वर्षअखेरीस नुकसान झाल्यावरच कळणार.

डासांमुळे व इतर कीटकांमुळे होणाऱ्या रोगांचे नियंत्रण जिल्ह्यात याच रीतीने चालते, निदान चालले पाहिजे. आधी नोंद, मग आराखडा, मग काम आणि कामावर रोजची देखरेख. हे काम "सरकारचं" म्हणून आपण सोडून देतो. प्रत्यक्षात त्यातली अर्धी नोंद आपल्या घरातील पिंपात आणि आपल्या फडावरील कोपीत असते. म्हणून हा पाठ.

१) कोणता कीटक, कोणता रोग

सर्व डास एक नव्हेत. हिवताप म्हणजे मलेरिया पसरवतो अ‍ॅनोफिलिस डास. तो विहिरी, टाक्या, कालव्याच्या पाझराचे पाणी, शेतातील साचलेले पाणी अशा ठिकाणी अंडी घालतो. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका पसरवतो एडिस इजिप्ती. हा घराजवळचा डास. पिंप, रांजण, टाकी, फुलदाणी, फ्रीजमागचे भांडे, टायर, करवंटी यांतील स्वच्छ साचलेले पाणी त्याला लागते आणि तो चावतो दिवसा. क्युलेक्स जातीचे डास गटाराच्या घाण पाण्यात वाढून हत्तीरोग पसरवतात. त्याच कुळातील काही भातखाचरात वाढतात, त्यांच्यामुळे जपानी मेंदूज्वर होऊ शकतो. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे होतो.

हा भेद का सांगायचा? तर "खाचरात पाणी आहे म्हणून डेंग्यू आला" असे मावळात पुष्कळ जण म्हणतात. ते बरोबर नाही. खाचरातला डास वेगळा, डेंग्यूचा डास वेगळा. खाचराला दोष देऊन आपण घरातल्या पिंपाकडे पाठ फिरवतो. वलवण, शिरवता, ठोकळवाडी, पवना या धरणांच्या मोठ्या पाण्यावरही डेंग्यूचा ठपका ठेवता येत नाही. रोगाचे बीज पायाशी आहे आणि आपण बोट दाखवतो धरणाकडे!

२) मागच्या ठेचा

पुण्यात १८९७ साली प्लेगचा कहर झाला. रोगी शोधण्यासाठी सोल्जर लोक घराघरांत शिरले. त्या सक्तीने लोक इतके संतापले आणि भ्याले की रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. नियोजनाच्या दृष्टीने त्यातला धडा असा की लोकांचा विश्वास नसेल तर सर्वेक्षण होते आणि रोगी मात्र सापडत नाही. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. लोक ज्यांच्याकडे रोगी आपण होऊन घेऊन जात, अशांपैकी त्या एक होत्या. आजची आशाताई दारात येते तेव्हा हे दोन्ही प्रसंग आठवावेत.

दुसरी ठेच हिवतापाची. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डी.डी.टी. फवारली गेली. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. रोग गेला असे वाटले. देखरेख सैल झाली, डासही औषधाला दाद देईनासे झाले. १९७६ साली हीच संख्या ६४ लाखांवर गेली. मग १९७७ साली सुधारित योजना आखावी लागली. तण एकदा खुरपले म्हणून पुढचा पाऊस पडल्यावर शेताकडे न फिरकणाऱ्या शेतकऱ्याची जी गत, तीच ही.

तिसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, त्यांत चिकुनगुन्या निघाला. तेवढ्यावर समाधान न मानता संस्थेच्या पथकाने गावात येऊन आणखी नमुने घेतले. त्यांतून महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण उघडकीस आला. पुरंदर हा टंचाईचा भाग, तिथे पाणी साठवावेच लागते. मावळात पाऊस उदंड. पण नळ एक दिवसाआड येत असेल तर पिंप आपल्याकडेही भरलेलेच असते. डासाला पाऊस किती पडला याच्याशी कर्तव्य नाही, पाणी किती दिवस साठले याच्याशी आहे.

३) मावळचा नकाशा

आराखडा जिल्ह्याचा असला तरी तो गावाच्या अंगाने शिवावा लागतो. मावळ तालुका एक, पण त्यात चार तऱ्हा आहेत.

पहिली, लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भर पावसात उघड्यावरच्या अळ्या वाहून जातात. खरा धोका पाऊस उघडीप देऊ लागला की. दुसरी अडचण बंगल्यांची. मालक मुंबई-पुण्याला, बंगला सोमवार ते शुक्रवार बंद. आत टाकी, कारंजे, पोहण्याचा हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या. आरोग्य सेवक मंगळवारी जातो, फाटकाला कुलूप पाहून परत येतो. कागदावर "घर बंद". डासाला मात्र कुलूप लागत नाही.

दुसरी तऱ्हा, आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळातील दूरच्या वाड्या-वस्त्या. तिथे ताप आला तरी तपासणीला यायला वेळ लागतो. तिसरी, तळेगाव, वडगाव, कामशेत ही वाढती गावे. बांधकामे, उघड्या टाक्या, परगावचे मजूर, भाड्याच्या खोल्या. चौथी, आपले उसाचे क्षेत्र आणि हंगामात तिथे उभे राहणारे टोळ्यांचे तळ. या चारही ठिकाणी एकच कार्यक्रम लावणे म्हणजे आडसाली, सुरू आणि खोडवा एकाच तारखेला तोडण्यासारखे होय.

४) यंत्रणा कशी आहे

राज्याचे हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोगांचे सहसंचालक कार्यालय पुण्यातच आहे. जिल्ह्याला जिल्हा हिवताप अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी. त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीवर साधारण तीस हजार, डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक, असा निकष आहे. त्याखाली उपकेंद्र, पाच हजारांना किंवा डोंगरी भागात तीन हजारांना एक. उपकेंद्राचा आरोग्य सेवक व सेविका, आणि गावात आशाताई. लोणावळा, तळेगाव, वडगाव येथे नगरपरिषद-नगरपंचायतीची जबाबदारी वेगळी येते. डासाला ही हद्द समजत नाही, म्हणून दोन्ही दप्तरांचे आकडे एका नकाशावर आले पाहिजेत.

५) आकडे कसे वाचावेत

आता पाठाचा मुख्य भाग. वजनकाट्यावर टन कळतात, उतारा प्रयोगशाळेत कळतो. दोन्ही पाहिल्याशिवाय साखर किती हे कळत नाही. तसेच येथे.

समजा एका उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० आहे. वर्षभरात तापाच्या ५०० लोकांचे रक्त तपासले. म्हणजे तपासणीचा दर शेकडा १०. वर्षाला निदान एवढी तपासणी व्हावी असा कार्यक्रमाचा दंडक आहे. त्यात ५ जणांना हिवताप निघाला. तपासलेल्यांत प्रमाण शेकडा १ आणि लोकसंख्येत दर हजारी १. या हजारी प्रमाणाला दप्तरात एपीआय म्हणतात.

पुढच्या वर्षी रुग्ण निघाले २. हजारी प्रमाण ०.४. अहवालात लिहिले, "हिवताप निम्म्याहून कमी." टाळ्या! पण खालचा रकाना पाहा. त्या वर्षी रक्त तपासले फक्त १०० जणांचे. तपासणीचा दर १० वरून २ वर आला आणि तपासलेल्यांत प्रमाण १ वरून २ वर गेले. आपण रोग कमी केला की तपासणी कमी केली? नमुना थोडा असल्याने रोग दुप्पट झाला असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण कमी झाला असे तर मुळीच म्हणता येणार नाही. १९६५ नंतरची चूक ती हीच.

डेंग्यूसाठी रुग्णांच्या आधी अळ्या मोजाव्या लागतात. समजा एका वाडीत १२० घरे. त्यांतील १०० उघडी मिळाली, २० बंद. १२ घरांत अळ्या सापडल्या, म्हणून घर निर्देशांक १२. पाणी साठवलेली ३०० भांडी तपासली, त्यांतील १८ भांड्यांत अळ्या, म्हणून भांडी निर्देशांक ६. दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी १८, याला ब्रेटू निर्देशांक म्हणतात. घर निर्देशांक १० च्या वर गेला की धोका मानून कामाला लागावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण आकडा खाली असला म्हणजे रोग येणारच नाही, अशी हमी कोणी देत नाही.

नुसत्या बेरजेवर थांबू नये. १८ भांडी कोणती? समजा १० प्लास्टिकची पिंपे, ५ टायर, ३ टाक्या. म्हणजे या वाडीचे दुखणे पिंपात आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून, घासून, कोरडे करण्याची मोहीम पाहिजे. घासणे महत्त्वाचे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने जगतात. आणि त्या २० बंद घरांचे काय? ती वेगळी दाखवली पाहिजेत आणि शनिवार-रविवारी पुन्हा पाहिली पाहिजेत. बंद घर म्हणजे निर्मळ घर नव्हे.

६) कोयत्यात न मोजलेली माणसे

येथे आपल्या कारखानदारीचा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाशी करार कोयत्यांवर होतो. "तळावर चाळीस कोयते" असे आपण म्हणतो, म्हणजे ऐंशी माणसे. पण त्यांच्याबरोबर आलेली पोरे, अंगावरची बाळे आणि सांभाळायला आलेली म्हातारी माणसे कोणत्या वहीत आहेत? कारखान्याच्या वहीत ती नाहीत, कारण ती ऊस तोडत नाहीत. गावच्या वहीत नाहीत, कारण ती गावची नाहीत. मूळ गावच्या वहीत नावे आहेत, पण माणसे तिथे नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका तळावर मी गेलो होतो. कोपीत एक बाई हुडहुडी भरून गोधडीत पडली होती. बाजूला सात-आठ वर्षांची पोर चूल फुंकत होती. "किती दिस झालं?" विचारले, तर म्हणाली, "चवथा दिस. कालच्याला उतारला व्हता, आज परत आला." रक्त तपासले का, तर नाही. नवरा फडात, एक खाडा म्हणजे उचल फिटायला एक दिवस उशीर. आशाताईंच्या यादीत तो तळ नव्हता, आणि नाही म्हणून त्यांना दोष देता येत नव्हता, कारण तळ पडला हे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. रक्त तपासले तर हिवताप निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि पाचव्या दिवशी टोळी दुसऱ्या गटात हलली.

व्हायवॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून राहतो व महिन्यांनी उलटतो. म्हणून त्याचा समूळ उपचार चौदा दिवसांचा असतो. गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर कोणती गोळी द्यायची व कोणती नाही, हे डॉक्टरच ठरवतात. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या तर रोग माणसाबरोबर पुढच्या तळावर जातो. त्या बाईच्या गोळ्या पुऱ्या झाल्या की नाही, हे आजही मला माहीत नाही. नोंद नसणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

उपाय अवघड नाही. टोळी उतरली की गट कार्यालयाने तीन दिवसांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे : तळ कुठे, माणसे एकूण किती, मुले किती, गरोदर बाया किती. टोळी हलली की पुन्हा कळवावे. ज्याचा उपचार चालू आहे त्याच्या हाती चिठ्ठी द्यावी आणि पुढच्या गटाला निरोप द्यावा. ऊस कोणत्या फडातून कोणत्या गाडीने निघाला हे आपण चिठ्ठीवर लिहितो. माणसासाठी एक चिठ्ठी जड नाही.

७) धुराचे यंत्र

गावात ताप आला की पहिली मागणी एकच, "धूर मारा!" यंत्र येते, गल्ली पांढरी होते, पोरे मागे धावतात, काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. धुराने उडणारा डास मरतो, तोही त्या वेळी धूर अंगावर आला तर. पिंपातील अळीला धूर लागत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्यात नवी फौज तयार. रुग्ण निघाल्यावर त्याच्या घराभोवती धूर फवारणीला स्थान आहे. पण अळ्या न शोधता केलेला धूर म्हणजे बांध फुटलेला असताना पाणी उपसत बसणे. अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणेच वापरावे. गप्पी मासे विहीर, हौद, बांधीव टाकीत सोडावेत. नदी-ओढ्यात सोडू नयेत, स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

८) वर्षाचा कार्यक्रम

फेब्रुवारी-मार्च : मागील वर्षाचे गाववार आकडे मांडून जोखमीची गावे ठरवावीत.
एप्रिल-मे : टाक्यांना झाकणे, वायुनलिकांना जाळ्या, भंगार व टायरची विल्हेवाट, गप्पी माशांची तयारी. कारखान्याच्या आवारातील रिकामे ड्रम व गाड्यांचे जुने टायर यांचाही यात समावेश हवा.
जून-जुलै : जून हा हिवताप प्रतिरोध महिना व जुलै डेंग्यूविरोधी महिना म्हणून पाळतात. छपरावरील ताडपत्र्यांच्या खोळींत पाणी साचू देऊ नये.
ऑगस्ट ते नोव्हेंबर : मुख्य काळ. दर आठवड्यास कोरडा दिवस, पंधरवड्यास घरभेट. अळ्या सापडलेल्या घरी आठ दिवसांनी फेरतपासणी.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : टोळ्या येताच ताप तपासणी.
डिसेंबर-जानेवारी : काय ठरले, काय झाले, काय राहिले, याचा ताळेबंद.

ताप आला तर काय करावे? पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूचा संशय असेल तर पॅरासिटामॉलखेरीज अंगदुखीच्या इतर गोळ्या, विशेषतः ॲस्पिरिन, मनाने घेऊ नयेत. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोट फार दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी येणे यांपैकी काही दिसले तर "ताप गेला" म्हणून घरी थांबू नये. धोक्याची वेळ तीच. तडक दवाखाना गाठावा.

९) ग्रामसभेत विचारावयाचे प्रश्न

वार्षिक सभेत आपण ताळेबंदावर प्रश्न विचारतो. तेवढ्याच हक्काने ग्रामसभेत हे विचारावेत.

१. आपल्या गावात या वर्षी किती लोकांचे रक्त तपासले? लोकसंख्येच्या शेकडा किती?
२. शेवटचे अळ्यांचे सर्वेक्षण कधी झाले? किती घरे बंद होती, आणि ती पुन्हा पाहिली का?
३. अळ्या जास्त कोणत्या भांड्यांत सापडल्या आणि त्यावर काय केले?
४. हद्दीतील तळ, बांधकामे, बंद बंगले यादीत आहेत का?
५. नळाला पाणी किती दिवसांनी येते? ते नियमित झाले तर किती पिंपे कमी होतील?

प्रश्न विचारताना आरोग्य सेवकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. त्याचा आकडा वाढला तर त्याने काम केले असेही असू शकते. खरा आकडा सांगणाऱ्याला आपण झोडपले तर पुढच्या वेळी तो आपल्याला आवडेल तोच आकडा सांगेल.

घरचा अभ्यास : येत्या रविवारी आपल्या घरातील व गोठ्याजवळील पाणी साठलेली सर्व भांडी मोजावीत. बॅटरीच्या उजेडात प्रत्येकात पाहावे. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर ते भांडे रिकामे करून, घासून वाळवावे आणि दोन आकडे कागदावर लिहावेत : एकूण भांडी किती, अळ्यांची किती. आठ दिवसांनी पुन्हा मोजावे. ज्यांच्या शेताजवळ टोळी उतरेल त्यांनी तळावरची माणसे मोजून आशाताईंना कळवावे. कोयते नव्हे, माणसे मोजावीत.